अर्धवट राहिलेल्या नऊ पुस्तकांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन लहान मुले आहेत, आपण पती-पत्नी दोघेही नोकरी करता, पूर्वी आठवड्याला एक पुस्तक सहज वाचून व्हायचे, पण गेल्या वर्षभरात ११ पुस्तके हाती घेतली आणि त्यांतील २ पूर्ण झाली. याला वाचन म्हणायचे का, आणि मी स्वतः अलीकडे केवळ आनंदासाठी काय वाचले व ते कसे जमले, असे आपण विचारले आहे. मी २२ वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करतो आणि ९ वर्षांची मुलगी व ४ वर्षांचा मुलगा यांचा बाप आहे. त्यामुळे हे उत्तर निम्मे देवघेवीच्या टेबलामागून आणि निम्मे मुलांच्या अंथरुणाशेजारून लिहितो आहे.

परत आलेले पुस्तक कपाटात लावण्यापूर्वी ते एकदा उघडून झटकण्याची सवय आमच्या कामात लागतेच. त्यातून प्रवासाची तिकिटे पडतात, औषधांच्या चिठ्ठ्या पडतात, केसांची पिन पडते, कधी रंगीत खडूने काढलेले एखादे वाकडेतिकडे घर पडते. या खुणा बहुतेक वेळा पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशातच असतात, आणि लहान मुलांच्या आईवडिलांनी नेलेल्या पुस्तकांत तर हमखास. पुस्तक परत करताना ही माणसे नजर चुकवून म्हणतात, ‘वाचून झाले नाही, वेळच मिळाला नाही.’ नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मला मनातून वाटायचे की ज्याला खरी ओढ असते तो वेळ काढतोच. माझा मुलगा जन्मल्यानंतर सुमारे दोन वर्षे माझे स्वतःचे जवळजवळ एकही पुस्तक पूर्ण झाले नाही, तेव्हा मला तो विचार किती अन्यायाचा होता हे कळले. ओढ कमी झाली नव्हती. मी पुस्तके चुकीच्या निकषावर निवडत होतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. आम्ही तो तालिका (ग्रंथांची सूची), वर्गीकरण आणि वाचकाला स्वतः हात घालता येईल अशी मोकळी कपाटे यांच्या संदर्भात शिकलो, म्हणजे वाचकाला हवे ते पुस्तक लवकर सापडले पाहिजे. बाप झाल्यानंतर मला या नियमाचा आणखी एक अर्थ उमगला. वाचकाचा वेळ पुस्तक शोधण्यात जातो तसाच तो पुस्तकाच्या आतही जातो: आपण कुठे होतो, हा माणूस कोण, ही बाई याच्यावर का रागावली आहे, हे पुन्हा पुन्हा शोधण्यात. रोज पंधरा मिनिटे हातात असतील आणि त्यांतली सात मिनिटे हे धागे जुळवण्यात गेली, तर उरलेल्या आठ मिनिटांत रस उत्पन्न होण्याआधीच डोळे मिटतात. म्हणून मी आता पुस्तक किती जाड आहे हे पाहत नाही. त्याला सांधे किती आहेत हे पाहतो. सांधा म्हणजे जिथे पुस्तक खाली ठेवले तरी काही तुटत नाही आणि जिथून चार दिवसांनी उचलले तरी पाऊल लगेच टेकते, अशी जागा.

पालकांना सर्रास दिला जाणारा सल्ला असा असतो की कथासंग्रह वाचा, कथा छोटी असते, एका बैठकीत होते. मी स्वतः हा सल्ला अनेक वर्षे दिला आणि आता तो देत नाही. चांगली कथा आकाराने लहान असते, पण तिच्यात शिरण्याचे कष्ट लहान नसतात. नवे गाव, नवी माणसे, निवेदकाचा नवा सूर, हे सगळे पहिल्या दोन पानांत उभे करावे लागते, आणि सूर सापडेपर्यंत कथा संपते. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच चढ. ज्याचे मन ताजे आहे त्याला हा चढ आवडतो, परंतु दिवसभर इतरांच्या गरजा ऐकून थकलेल्या माणसाला ओळखीच्या घरात परत जायचे असते. मोठ्या कादंबरीत प्रवेशाची किंमत एकदाच मोजावी लागते आणि पुढे कित्येक महिने दार उघडे राहते. ज्यांना याच्या उलट अनुभव आहे असे वाचकही मला माहीत आहेत, आणि त्यांनी कथाच वाचाव्यात. माझा आक्षेप हा सल्ला सरसकट देण्याला आहे.

अशा दार उघडे ठेवणाऱ्या कादंबरीचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे गेल्या वर्षी मी पुन्हा वाचलेली टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’. हे नाव वाचून आपण हे उत्तर बाजूला ठेवू नये, अशी विनंती आहे. चार खंड आणि उपसंहार मिळून या कादंबरीत ३६१ प्रकरणे आहेत आणि त्यांतली बरीचशी तीन-चार-पाच पानांची आहेत. म्हणजे दिवसाला एक प्रकरण धरले तर वर्ष पुरते आणि चार दिवस आजारपणाला उरतात. मला चौदा महिने लागले, कारण मुलांची आजारपणे चार दिवसांत आटोपत नाहीत. एकेका माणसाची तीन-तीन नावे असतात ही अडचण खरी आहे. त्यासाठी मी एका जाड कागदाच्या पट्टीवर घराण्यांनुसार नावे लिहिली आणि तीच वाचनखूण म्हणून वापरली. शंभरेक पानांनंतर पट्टीकडे पाहण्याची गरज उरली नाही.

हे पुस्तक मी प्रथम तेविसाव्या वर्षी वाचले होते. तेव्हा मी नायिका नताशाच्या पहिल्या नृत्यसमारंभावर जीव टाकला होता आणि रणांगणावर आंद्रेईला दिसलेले उंच आकाश पाठ होण्याइतक्या वेळा वाचले होते. या वेळी मी जिथे थांबलो ती पाने मला पहिल्या वाचनातून आठवतही नव्हती. रोस्तोव घराण्यातला धाकटा मुलगा पेत्या लढाईत मारला जातो आणि ती बातमी त्याच्या आईपर्यंत पोहोचते. ती माउली शोकाने भान हरपते, आणि पेत्याची बहीण नताशा तीन आठवडे आईच्या खोलीतून हलत नाही, तिथेच आरामखुर्चीत झोपते. तेविसाव्या वर्षी मी पेत्याच्या मृत्यूने हळहळलो होतो. आता मला बातमी घेऊन येणारी माणसे दिसली, दाराशी थबकलेली, आणि मी पुस्तक मिटून शेजारच्या खोलीत जाऊन दोन्ही मुले श्वास घेत आहेत ना हे पाहून आलो.

उपसंहारात आणखी एक जागा आहे. नताशा आता चार मुलांची आई आहे. विस्कटलेल्या केसांनी, घरातल्या झग्यात ती लांब ढांगा टाकत मुलांच्या खोलीतून बाहेर येते आणि बाळाच्या लंगोटावरचा डाग आता हिरवा नाही, पिवळा आहे, हे आनंदाने दाखवते. ही नताशा मला पूर्वी सहन झाली नव्हती. नाचणाऱ्या मुलीचे लेखकाने हे काय केले, असे वाटले होते. स्त्रीच्या संसाराविषयी टॉलस्टॉय तिथे जी मते मांडतो ती मला आजही मान्य नाहीत. पण तो डाग मात्र खरा आहे. आजारी बाळाच्या पोटातून आलेली ती चांगली बातमी ज्याने घरात ऐकली आहे तोच ती लिहू शकतो, आणि कादंबरी १८६९ मध्ये पूर्ण होईपर्यंत टॉलस्टॉयच्या घरात खरोखरच चार मुले झाली होती. त्याच घरात त्याची पत्नी सोफिया हस्तलिखिताच्या नकला करीत होती. मुलांच्या गलबल्यात लिहिले गेलेले पुस्तक मुलांच्या गलबल्यातच वाचण्यात काही कमीपणा आहे, असे मला आता वाटत नाही.

तुकड्या-तुकड्यांनी वाचणे म्हणजे नाइलाजाचे, दुय्यम वाचन, ही समजूत इतिहासालाही धरून नाही. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६ आणि १८३७ या दोन वर्षांत दरमहा साधारण ३२ पानांच्या भागांतून वाचकांच्या हाती आली. ‘युद्ध आणि शांती’चे सुरुवातीचे भागही १८६५ पासून नियतकालिकातच येत होते. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत महिना जायचा, त्या महिन्यात वाचकाच्या घरात जन्म-मृत्यू व्हायचे, आणि पुढचा भाग वाचताना ते सगळे त्याच्याबरोबर असायचे. लेखकालाही हे ठाऊक होते. म्हणून त्याने पात्रांना लकबी दिल्या, त्यांची ओळख नव्याने करून दिली, प्रकरणांच्या शेवटी पाय टेकायला जागा ठेवली. अशी पुस्तके सांध्यांसकट घडवलेली असतात. आपल्याला त्यांचा शोध घ्यायचा आहे, इतकेच.

जी पुस्तके या काळात माझ्या हातून निसटली त्यांचेही सांगितले पाहिजे. सुमारे दोनशे पानांची एक कादंबरी, जिच्यात प्रकरणे नाहीत, परिच्छेद क्वचितच बदलतो आणि एकाच माणसाचे आत्मगत अखंड वाहत राहते, ती माझी तरुणपणाची अत्यंत आवडती. मी ती तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा चाळिसाव्या पानाच्या अलीकडेपलीकडे थांबलो. दोष तिचा नाही आणि माझाही नाही. तिला एक संपूर्ण मोकळी दुपार लागते, आणि ती दुपार आज माझ्याकडे नाही. मी ती वरच्या फळीवर ठेवली आहे, कधी काढायची हे माझ्या मनात पक्के आहे. रहस्यकथांचे मात्र उलट होते. त्यांची प्रकरणे छोटी असली तरी प्रत्येक प्रकरणाचा शेवट वाचकाला थांबू न देण्यासाठीच रचलेला असतो. रात्री दीड वाजता गुन्हेगार सापडला आणि सकाळी सहा वाजता मुलगा उठला, असे दोनदा झाल्यावर मी त्या सुट्टीपुरत्या राखून ठेवल्या.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे पुस्तक म्हणजे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’. बारा महिन्यांवरचे हे ललित लेख मी ठरवून महिन्याला एक याप्रमाणे वाचले. त्या त्या महिन्यातच तो लेख वाचायचा, पुढचा उघडायचा नाही. एक लेख काही पानांचाच असतो, त्यामुळे तो महिन्यातून तीन-चार वेळा वाचून होई. आणि पुस्तकाबाहेरही तोच महिना चालू असल्यामुळे, मुलाला शाळेत सोडताना रस्त्याकडेच्या झाडाकडे माझी नजर वेगळ्या रीतीने जाई. झाडाला पालवी फुटताना पानांचा पहिला रंग हिरवा नसून तांबूस असतो, हे मी इतकी वर्षे पाहूनही पाहिले नव्हते. मुलाने एक कोवळे पान तोडून माझ्या हातात दिले, त्याच्या घामेजलेल्या मुठीत ते थोडे चुरगळले होते, आणि त्याने विचारले, ‘हे आजारी आहे का?’ त्या महिन्याचा लेख मी त्या रात्री चौथ्यांदा वाचला. वर्षाला बारा लेख ही गती हास्यास्पद वाटेल, पण गेल्या दहा वर्षांत इतके मुरलेले वाचन माझ्याकडून दुसरे झालेले नाही.

आता रात्रीच्या त्या पंधरा मिनिटांविषयी. मुले झोपल्यावर पुस्तक उघडले तरी पहिली काही पाने मनात उतरत नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पालक करतो आणि आपणही केली आहे. याला मनाची दुर्बलता समजू नये. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो, विशेषतः ते काम अपुरे असेल तर. पालकाचे तर कुठलेच काम पुरे झालेले नसते. मी त्यावर एक साधा उपाय करतो: पुस्तक उघडण्यापूर्वी उद्याची कामे एका कागदावर उतरवून तो कागद दुसऱ्या खोलीत ठेवतो, आणि फोनही त्याच्याबरोबर तिथेच राहतो. दुसरे असे की तीच ओळ पुन्हा वाचावी लागली म्हणून खंत करू नका. वाचताना आपली नजर सरळ सरकत नाही, ती उड्या घेते, आणि सराईत वाचकांच्याही सुमारे १० ते १५ टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. मागे जाणे हा वाचनाचाच भाग आहे.

थांबताना मी वाचनखुणेच्या पट्टीवर पेन्सिलीने एक वाक्य लिहितो. पान क्रमांक नव्हे, प्रसंग. ‘युद्ध आणि शांती’ वाचताना लिहिलेले एक वाक्य: ‘पिएर तुरुंगात, म्हातारा शेतकरी त्याच्याशी बोलतो आहे’, एवढेच. चार रात्री मुलाच्या तापात गेल्या तरी पाचव्या रात्री हे वाक्य मला थेट त्या कोठडीत नेऊन बसवते. मुलाला माझा हात धरून झोपायची सवय आहे, म्हणून मी बहुधा एकाच हाताने वाचतो. अंगठा दोन पानांच्या मधल्या घळीत, करंगळी खाली आधाराला, आणि पान उलटायचे तर पुस्तक छातीवर टेकवून अंगठ्यानेच. जाड पुठ्ठाबांधणीचे पुस्तक असे धरता येत नाही, त्यामुळे मी ‘युद्ध आणि शांती’च्या सुट्या खंडांची आवृत्ती निवडली. वाचकांना पुस्तक देताना मी आता त्याचे वजनही विचारात घेतो. पूर्वी हे कधी माझ्या मनात आले नव्हते.

मुलांना मोठ्याने वाचून दाखवलेले पुस्तक आपण आपल्या वाचनात धरत नाही, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. ते धरावे असे माझे ठाम मत आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मी मुलीला या वर्षी वाचून दाखवली. हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याची रचनाच अशी आहे की श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. पुस्तकातली एक रात्र म्हणजे आमची एक रात्र, असा आमचा नेम होता, जरी प्रत्यक्षात तीन महिने लागले. लहानपणी वाचताना मी श्यामच्या बाजूने रडलो होतो. आता वाचणारा आवाज माझा होता आणि ऐकणारी नऊ वर्षांची होती, त्यामुळे आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईने लुगड्याचे ओचे पसरण्याच्या प्रसंगाशी माझा आवाज बसला. मुलगी काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने पुस्तक माझ्या हातातून घेऊन पुढचे पान स्वतः वाचले. मोठ्याने वाचताना एकही वाक्य गाळता येत नाही, घाई करता येत नाही, आणि लेखकाचा श्वास कुठे तुटतो हे जिभेला कळते. याहून सखोल वाचन कोणते?

तरीही मुलांसाठी वाचणे आणि स्वतःसाठी वाचणे यांतला फरक पुसू देऊ नये. ‘आईवडील वाचताना दिसले की मुले वाचू लागतात’ असे म्हणून स्वतःच्या वाचनाला एक उपयोग चिकटवण्याचा मोह होतो. मुले वाचू लागली तर आनंदच आहे, पण त्या हेतूने धरलेले पुस्तक लवकरच घरकामासारखे होते, आणि आपल्याकडे घरकाम पुरेसे आहे. माझ्या वाचनातून कुणाचेच काही भले झाले नाही तरी ते माझे आहे. ऐकायच्या पुस्तकांविषयी थोडेच सांगतो: आत्मचरित्रे कपड्यांच्या घड्या घालताना उत्तम ऐकता येतात, मात्र पुष्कळ पात्रांची कादंबरी कानांनी सांभाळणे मला जमलेले नाही.

आकड्यांची भीती वाटत असेल तर हा हिशेब पाहा. मी एका रात्री सुमारे ९ पाने वाचतो आणि आठवड्यातल्या पाच रात्री साधतात. वर्षाची ही सुमारे २,३०० पाने झाली. आपली २ पूर्ण पुस्तके आणि ९ अपुरी पुस्तके यांची वाचलेली पाने एकत्र मोजली तर कदाचित याहून फार कमी भरणार नाहीत. वर्षअखेरीला किती पुस्तके झाली हा आकडा मी चार वर्षांपूर्वी लिहिणे बंद केले. त्याऐवजी वहीत फक्त जागा लिहितो: नताशाची आरामखुर्ची, पिवळा डाग, तांबूस पालवी.

आता त्या नऊ पुस्तकांचे काय करायचे, हे आपण शेवटी विचारले आहे. ती सगळी एकदा टेबलावर मांडा आणि न उघडता प्रत्येकाकडे पाहून स्वतःला विचारा की यातला एखादा चेहरा, एखादी खोली, एखादे वाक्य आठवते का. ज्यांतले काहीच आठवत नाही ती निःसंकोच परत करा. आम्ही ग्रंथपाल त्याचा राग धरत नाही. ज्यांना मोकळी दुपार लागेल असे वाटते ती वरच्या फळीवर ठेवा. बहुधा दोन किंवा तीन उरतील. त्यांतले जे एका हातात मावते ते घ्या, खूण जिथे आहे तिथून एक प्रकरण मागे जा आणि तिथून सुरुवात करा. जुनी खूण काढून तिच्या जागी कोरी पट्टी ठेवा, आणि पेन्सिल पुस्तकाच्या पाठीला दोऱ्याने बांधून टाका, नाहीतर ती मुलांच्या हाती लागते.